परकीय भाषेच्या तासाला जोडीनं लेखन कसं घ्यावं

चार मुलांच्या गटाला निबंध दिला की पुढचं बहुधा ठरलेलंच असतं. एक जण सुरुवात लिहितो, दुसरी मधला भाग घेते, तिसरा शेवट करतो आणि ज्याचं अक्षर चांगलं तो सगळं एकत्र उतरवून काढतो. काम वेळेत होतं, भांडण होत नाही, कागद नीटनेटका दिसतो. भाषा शिकण्याच्या दृष्टीनं मात्र हाती काही लागत नाही. प्रत्येकानं एकट्यानंच लिहिलेलं असतं, आणि तेही रोजच्यापेक्षा कमी.

सहलेखन म्हणायचं ते कागदावरच्या प्रत्येक वाक्याला दोघांची संमती असेल तेव्हाच. शब्द कोणता, क्रियापद कुठल्या रूपात, कोणता शब्द आधी आणि कोणता नंतर, हे सगळं बोलून ठरलेलं असायला हवं. खाली सांगितलेल्या बैठक, वेळ, पेन, गुण या सगळ्या व्यवस्था त्या बोलण्यासाठी आहेत. तयार झालेला मजकूर दुय्यम आहे. माध्यमिक शाळेतली मुलं आधीच्या दोन-तीन वर्षांत बरंच व्याकरण शिकलेली असतात, पण ते वापरताना सांडतं. ते जागच्या जागी गोळा करायला याहून चांगला उपाय वर्गात क्वचितच सापडतो.

बोलण्यानं नेमकं काय होतं

एकटा विद्यार्थी परभाषेत लिहिताना अडला की वळसा घालतो. रूप आठवलं नाही तर वाक्यच बदलतो, नाहीतर ‘असंच असेल’ म्हणत पुढे सरकतो. शंका येते आणि मनातच विरते. शेजारी दुसरं कुणी असलं की ती उच्चारावी लागते, आणि उच्चारली की तिचा निकाल लावावा लागतो.

कॅनडातल्या भाषाशिक्षणतज्ज्ञ मेरिल स्वेन यांनी १९८५ मध्ये याच्या मुळाशी असलेला मुद्दा मांडला. तिथली इंग्रजीभाषक मुलं फ्रेंच माध्यमातून वर्षानुवर्षं शिकत होती. त्यांना ऐकलेलं-वाचलेलं उत्तम कळायचं, तरी बोलण्या-लिहिण्यात व्याकरणाच्या चुका टिकून होत्या. ऐकताना अर्थ लागला की रूपाकडे बघायची गरज उरत नाही. वाक्य स्वतः रचायला बसलं की आपल्याला काय येत नाही ते उघडं पडतं, असं त्यांचं म्हणणं. पुढे १९९८ मध्ये त्यांनी आणि शॅरन लॅपकिन यांनी आठवीतल्या दोन मुलांचं, चित्रांवरून फ्रेंचमध्ये गोष्ट लिहितानाचं संभाषण बारकाईनं तपासलं. लिहिता लिहिता मुलं थांबतात, भाषेबद्दलच बोलू लागतात आणि त्यातून काहीतरी ठरवतात, अशा जागा त्यांनी वेचल्या. त्या जागांना आपण इथे ‘अडखळ’ म्हणू. तुमचा तास चांगला झाला की नाही हे मजकूर किती लांब झाला यावरून मोजू नका. अडखळी किती आल्या आणि किती नीट सुटल्या, ते मोजा.

एक अडखळ जवळून बघू. दुसऱ्या वर्षाची जर्मन शिकणारी जोडी ‘काल मी सिनेमाला गेलो’ हे वाक्य लिहिते आहे. जर्मनमध्ये असा भूतकाळ करताना मुख्य क्रियापदासोबत ‘हाबे’ किंवा ‘बिन’ हे साहाय्यक क्रियापद लागतं; ‘गेस्टर्न’ म्हणजे काल, ‘इश’ म्हणजे मी. पेन मुलाच्या हातात आहे.

तो लिहितो: ‘गेस्टर्न इश हाबे इन्स कीनो गेगांगन.’

ती म्हणते, “थांब. ‘गेस्टर्न’ पहिलं आलं ना? मग क्रियापद दुसऱ्या जागेवर पाहिजे.”

“म्हणजे ‘गेस्टर्न हाबे इश’?”

“हो. कर्ता मागे.”

तो खोडतो, नवं लिहितो आणि स्वतःच थबकतो. “अगं, पण ‘जाणं’ आहे. जाण्यायेण्याच्या क्रियापदांना ‘हाबे’ नसतं ना? ‘बिन’ असतं.”

“‘गेस्टर्न बिन इश इन्स कीनो गेगांगन.’ वाचून बघ परत.”

अर्धं मिनिट लागलं आणि दोन नियम जागे झाले. एक तिच्याकडे होता, एक त्याच्याकडे. एकट्यानं लिहिलं असतं तर दोघांच्याही वहीत एकेक चूक राहिली असती. पुढच्याच वाक्यात हीच जोडी ‘मग मी पिझ्झा खाल्ला’साठीही ‘बिन’ घालण्याची शक्यता दांडगी आहे, कारण नुकताच जिंकलेला नियम मुलं सगळीकडे लावून बघतात. ‘खाणं’ला ‘हाबे’च लागतं. या धोक्याकडे पुढे परत येऊ.

जोड्या लावणं

सुरुवात दोघांपासूनच करा. तिघे झाले की एक जण प्रेक्षक होण्याची वाट मोकळी होते. चौघांच्या गटात ज्ञान जास्त जमा होतं आणि अडखळी बरोबर सुटण्याचं प्रमाणही वाढतं, हे खरं. पण प्रत्येकाच्या वाट्याला बोलणं कमी येतं. सरावलेल्या वर्गात कधीतरी चौघे चालतील. पट विषम असेल तर एकच त्रिकूट करा आणि त्यात तीन बोलकी मुलं ठेवा.

कुणाला कुणाबरोबर बसवायचं यात सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे पहिल्या क्रमांकाला शेवटच्याशी जोडणं. ‘हुशार मूल शिकवेल’ हा हेतू चांगला असतो, पण अंतर फार पडलं की हुशार मूल सांगत राहतं आणि दुसरं लिपिक होतं. त्याऐवजी असं करा. अलीकडच्या एखाद्या लेखी कामावरून २४ मुलांची क्रमवार यादी काढा आणि ती मधोमध कापा. मग १ला १३वा, २ला १४वा, ३ला १५वा, अशा जोड्या लावा. प्रत्येक जोडीत थोडा फरक राहतो आणि तो सगळीकडे साधारण सारखाच असतो. ही यादी मुलांना दाखवायची नाही.

मग यादी बाजूला ठेवा आणि स्वभाव बघा, कारण शेवटी पातळीपेक्षा नातं जास्त ठरवतं. ऑस्ट्रेलियातल्या संशोधक निओमी स्टॉर्च यांनी २००२ मध्ये जोड्यांच्या वागण्याचे चार प्रकार वर्णन केले. काही जोड्यांत दोघं खरंच मिळून काम करतात. काहींत दोघंही हट्टी असतात आणि कुणीच कुणाचं ऐकत नाही. काहींत एक हुकूम सोडतो, दुसरा गप्प राहतो. आणि काहींत एकाला जास्त येतं, पण तो दुसऱ्याला विचारत, समजावत सोबत घेऊन जातो. शिकणं पहिल्या आणि चौथ्या प्रकारात जास्त टिकताना दिसलं. म्हणजे फरक असणं वाईट नाही. जास्त येणाऱ्याला विचारायची सवय आहे का, एवढंच बघायचं. दोन जिवलग मैत्रिणींची जोडी चांगली की वाईट, याला ठाम उत्तर नाही. त्या एकमेकींना बिनधास्त चुकीचं म्हणू शकतात, पण तितक्याच सहज विषयावरून घसरतात.

एकदा लावलेली जोडी निदान तीन कामांपर्यंत मोडू नका. पहिलं काम नवख्या जोडीचं अवघडलेपण जाण्यातच संपतं.

बैठक आणि पेन

दोघं समोरासमोर बसली तर एकाला कागद उलटा दिसतो आणि तो वाचणं सोडून देतो. त्यांना बाकाच्या एकाच बाजूला बसवा आणि कागद दोघांच्या मध्ये ठेवा. कागद एक, पेन एक. दुसरं पेन दप्तरात.

आता या सगळ्या पद्धतीतला माझ्या मते सर्वांत कामाचा नियम: जो सांगतो तो लिहीत नाही. एखाद्याच्या डोक्यातलं वाक्य कागदावर यायचं असेल तर ते दुसऱ्याच्या हातातूनच यायला हवं. लिहिणाऱ्याला ऐकावं लागतं, आणि न पटलेलं लिहायला हात तयार होत नाही म्हणून तो प्रश्न विचारतो. दर दोन वाक्यांनी पेन दुसऱ्याकडे. ‘पाच मिनिटांनी बदला’ असं सांगितलं तर मुलं घड्याळ विसरतात. वाक्यं मोजणं सोपं पडतं.

कागदावर एक ओळ सोडून लिहायला लावा. खोडरबर बंद. चुकलं तर वर एक आडवी रेघ, म्हणजे आधीचं वाचता येतं. खोडलेले शब्द हे तुमच्यासाठी सर्वांत मोलाचं साहित्य आहे. अडखळ कुठे आली, हे त्यातूनच कळतं.

काम कोणतं द्यायचं

आशय जवळपास ठरलेला असावा आणि भाषा मोकळी असावी. ‘माझी आवडती सुट्टी’ हा विषय एकट्याला चांगला आहे, जोडीला वाईट. दोघांच्या सुट्ट्या वेगळ्या, त्यामुळे निम्मा तास ‘काय लिहायचं’ यात जातो आणि ‘कसं लिहायचं’ला वेळच उरत नाही.

पहिल्यांदा घेत असाल तर मजकूर-दुरुस्ती घ्या. ६०-७० शब्दांचा उतारा निवडा आणि त्यातले जोडशब्द (म्हणजे वाक्यं जोडणारे शब्द), प्रत्यय, क्रियापदांची रूपं काढून फक्त मूळ शब्द ठेवा. जोडीनं तो पुन्हा नीट वाक्यांत बांधायचा. कल्पनाशक्तीची गरज नसल्यानं सगळं बोलणं व्याकरणावरच होतं आणि मुलांना ‘असं बोलायचं असतं’ हे कळतं. काम थोडं कोरडं आहे, म्हणून ते एकदाच.

मग डिक्टोग्लॉस. नाव भारदस्त असलं तरी कृती साधी आहे. ६० ते ९० शब्दांचा उतारा घ्या, आणि जे रूप पक्कं करायचं आहे ते त्यात चार-पाच वेळा येईल असं बघा. पहिल्या वाचनाला पेनं खाली. मुलांनी नुसतं ऐकायचं. दुसऱ्या वाचनाला प्रत्येकानं आपापले सुटे शब्द टिपायचे. त्यानंतर जोडीनं टिपणं एकत्र करून उतारा पुन्हा उभा करायचा. तो शब्दशः सारखा नसला तरी चालतो. अर्थ तोच हवा आणि व्याकरण बरोबर हवं. इथे हटकून होणारी चूक शिक्षकाची असते: मुलं मागे पडताना दिसली की आपण हळू वाचू लागतो. हळू वाचलं की मुलं शब्द न् शब्द उतरवून घेतात आणि साधं शुद्धलेखन होतं. नेहमीच्या वेगानंच वाचा. फारच अवघड गेलं तर तिसऱ्यांदा वाचा, पण वेग तोच ठेवा. शेवटी मूळ उतारा दाखवून वाक्यावाक्यानं ताडून बघायला लावा. मुलांचं वाक्य वेगळं पण बरोबर असेल तर ते मोठ्यानं सांगा, नाहीतर मूळ उतारा म्हणजे उत्तरपत्रिका अशी समजूत होते.

तिसरा प्रकार चित्रमालिका. सहा चित्रं, त्यातली चौथी चौकट रिकामी. पाच चौकटींमुळे आशय धरून राहतो आणि रिकाम्या चौकटीत थोडं स्वतःचं घालायला मिळतं. भूतकाळ हवा असेल तर पहिलं वाक्य तुम्हीच भूतकाळात लिहून द्या. नाहीतर मुलं चित्रं बघून वर्तमानकाळात वर्णन करत सुटतात. एकाला विषम, एकाला सम क्रमांकाची चित्रं देऊन, एकमेकांना न दाखवता आधी क्रम जुळवायला लावला तर बोलणं आणखी वाढतं.

लांबी कमी ठेवा. युरोपीय भाषा चौकटीतल्या ए२ पातळीच्या (रोजची साधी वाक्यं जमणाऱ्या) जोडीला एका तासात ८० ते १०० शब्द पुरे, त्याच्या वरच्या बी१ पातळीला १२० ते १५०. जोडी एकट्यापेक्षा हळू लिहिते, आणि तेच अपेक्षित आहे. स्टॉर्च यांनी २००५ मध्ये प्रौढ विद्यार्थ्यांच्या जोड्या आणि एकटे लिहिणारे यांची तुलना केली, तेव्हा जोड्यांचे मजकूर आखूड निघाले, पण जास्त शुद्ध आणि रचनेनं जास्त गुंतागुंतीचे होते. तुम्ही २५० शब्द मागितलेत तर मुलं वाटणी करणार, हे नक्की धरा.

कोणत्या भाषेत बोलायचं

मातृभाषेवर बंदी घालू नका. बंदी घातली की मुलं व्याकरणाबद्दल बोलणंच थांबवतात, कारण ‘इथे कर्ता अनेकवचनी आहे, मग क्रियापदही तसंच हवं’ हे परभाषेत सांगण्याइतकी ती भाषा त्यांना अजून येत नसते. मर्यादा अशी घाला: वाद मातृभाषेत चालेल, पण कागदावर जाणारं प्रत्येक वाक्य आधी परभाषेत पूर्ण, मोठ्यानं म्हणायचं. कानाला खटकणारी चूक पुष्कळदा तिथेच सापडते.

याच्या जोडीला परभाषेतली सात-आठ वाक्यं फळ्यावर कायम ठेवा: ‘याचं स्पेलिंग काय?’, ‘मला खात्री नाही’, ‘असं म्हटलं तर?’, ‘का?’, ‘परत वाच’, ‘माझं म्हणणं वेगळं आहे’, ‘तू लिही’. ती आदल्या तासाला म्हणवून घ्या. कामाच्या मध्येच शिकवलीत तर कुणी वापरत नाही. दोन-तीन कामांत ही वाक्यं आपोआप तोंडात बसतात.

दोन तासांची आखणी

तास ४५ मिनिटांचा धरला आहे. पहिल्या तासाची पाच मिनिटं काम समजावण्यात जातील. एका विद्यार्थ्याला पुढे बोलवून त्याच्याबरोबर फळ्यावर एक वाक्य प्रत्यक्ष लिहून दाखवा: तुम्ही सांगा, त्याला लिहू द्या, मुद्दाम एक चूक करा आणि त्याला ती पकडू द्या. तोंडी सूचनांपेक्षा हे दोन मिनिटांचं नाटक फार उपयोगी पडतं.

पुढची आठ मिनिटं पेनाशिवाय. काय लिहायचं ते ठरवा, टिपायचे तर जास्तीत जास्त दहा शब्द. हा भाग मुलांना वाया वाटतो आणि शिक्षकही तो कापतात. कापला की दुसऱ्या वाक्यापाशी जोडी थांबते आणि ‘आता पुढे काय?’ सुरू होतं.

नंतर २५ मिनिटं लेखन. शेवटची सात मिनिटं वाचनाची: लिहिणाऱ्यानं नव्हे, दुसऱ्यानं सबंध मजकूर हळू आवाजात वाचायचा आणि दोघांनी मिळून दोन ठिकाणी पेन्सिलनं प्रश्नचिन्ह काढायचं, जिथे त्यांचं स्वतःचंच एकमत पक्कं नाही. दोन प्रश्नचिन्हं सक्तीची ठेवा. ‘सगळं बरोबर आहे’ म्हणायची सोय राहता कामा नये.

दोन तासांच्या मध्ये कागद तुमच्याकडे. दुरुस्त करू नका, फक्त खूण करा. चार खुणा पुरतात: क्रियापद, जुळणी, क्रम, शब्द. लिंग-वचनाचा सगळा गोंधळ ‘जुळणी’त येतो. समासात खूण, मजकुराखाली रेघ नको, म्हणजे त्या ओळीत चूक कुठे आहे हे शोधणं त्यांच्याकडे राहतं. एका कागदावर आठापेक्षा जास्त खुणा झाल्या तर ज्या रूपासाठी हे काम घेतलं त्याच्याच ठेवा, बाकी सोडा. लाल पेननं भरलेला कागद दोघं मिळून बघत नाहीत. तो एक जण पटकन घडी घालून ठेवतो.

दुसऱ्या तासात आधी १५ मिनिटं जोडीनं खुणा सोडवायच्या, इथेही पेनाचा तोच नियम. मग १५ मिनिटं फळ्यावरच्या वाक्यांना, ज्याबद्दल लगेच सांगते. उरलेल्या वेळात स्वच्छ प्रत.

जोड्या लिहीत असताना तुम्ही काय करायचं

फिरा, ऐका, आणि लगेच उत्तर देऊ नका. हात वर झाला की आधी विचारा, “तुझं काय मत? आणि तुझं?” बऱ्याचदा दोघांनी एकमेकांना विचारलेलंच नसतं, शिक्षक जवळचा दिसतो म्हणून हात वर जातो. मतं वेगळी असतील तर वहीचं किंवा शब्दकोशाचं पान दाखवा, उत्तर नको. तरीही सुटलं नाही तर मात्र सरळ सांगा. १० मिनिटं एका प्रत्ययावर अडून राहण्यात काही शिकणं नाही.

आता वरचा धोका. जोडी बोलून ठरवते ते नेहमी बरोबरच असतं असं नाही. दोघांनी मिळून चुकीवर शिक्कामोर्तब केलं की ती चूक एकट्याच्या चुकीपेक्षा घट्ट बसते, कारण आता तिला ‘आपण विचार करून ठरवलं’ याचा आधार असतो. ‘खाणं’ला ‘बिन’ लावणारी जोडी तो नियम घरी घेऊन जाईल. म्हणून फिरताना हातात लहान वही ठेवा. ज्या वाक्यावर वाद ऐकू आला ते जसंच्या तसं टिपा, शेजारी फक्त ‘सुटलं’, ‘चुकीचं सुटलं’ किंवा ‘सोडून दिलं’ लिहा. एका तासात पाच-सहा वाक्यं सहज जमतात.

दुसऱ्या तासात हीच वाक्यं नावं न घेता फळ्यावर लिहा. बरोबर आणि चुकीची मिसळून. प्रत्येक जोडीला एका मिनिटात निर्णय घ्यायला लावा आणि कारण विचारा. ज्यांचं ते वाक्य असतं त्यांना ते बरोबर ओळखू येतं, आणि कारण ऐकताना त्यांचं लक्ष इतर कुठल्याही व्याकरणपाठापेक्षा जास्त असतं. वेळ कमी पडला तर स्वच्छ प्रत घरी द्या, पण ही १५ मिनिटं कापू नका. ती कापली तर सहलेखन म्हणजे चुकांची देवाणघेवाण होण्याचा धोका खरोखरच राहतो.

काय बिघडतं

*एक गप्प बसतो.* आधी पेन कुणाच्या हातात आहे ते बघा. गप्प मुलाच्या हातात पेन आणि तरी दुसरा अक्षरंही सांगतोय, असं असेल तर तो सांगणारा थकेपर्यंत थांबू नका. गप्प मुलाला अशी माहिती द्या जी दुसऱ्याकडे नाही: तीन चित्रं, अर्धी शब्दयादी, उताऱ्याचा शेवट. आता त्याच्याशिवाय काम पुढे जाऊ शकत नाही. ‘तूही बोल ना’ या विनवणीनं काही होत नाही.

*दोघंही हटत नाहीत.* त्यांना दोन्ही पर्याय कागदावर एकाखाली एक लिहू द्या आणि पुढे जायला सांगा. निकाल वाचनाच्या वेळी लागेल. अशा जोडीत दोघांनाही बरंच येत असतं. त्यांचं भांडण फुकट जाऊ देऊ नका, फळ्यावर घ्या.

*पंधरा मिनिटांत संपलं.* बहुधा सोप्या, आधीच पक्क्या असलेल्या वाक्यांतच मजकूर उरकला आहे. परत लिहायला लावू नका. ‘कारण’, ‘जरी’, ‘जेव्हा’ या अर्थाचे तीन जोडशब्द देऊन ते आहे त्याच मजकुरात बसवायला सांगा. वाक्यं जोडताना शब्दक्रम बिघडतो आणि बोलणं सुरू होतं.

*भाषांतराचं यंत्र.* घरी दिलेल्या सहलेखनात ते येणारच, म्हणून कच्चा मजकूर वर्गातच, हातानं. शब्दकोश चालेल, पण एका कामाला पाच शब्दांपुरता. मर्यादा असली की कोणता शब्द शोधायचा यावरही चर्चा होते. संशय आला तर आरोप करू नका. मजकुरातली तीन रूपं निवडा आणि दोघांपैकी कुणालाही ‘हे असं का?’ विचारा. स्वतः ठरवलेलं असतं तर उत्तर येतं, मोडकंतोडकं का होईना.

*जोडीदार गैरहजर.* दुसऱ्या दिवशी उरलेल्यानं कुठल्याही जोडीत तिसरा म्हणून बसायचं, स्वतःचा कागद घेऊन नाही.

संगणकावर लिहायचं असेल तर

सामायिक दस्तऐवज उघडून दोघांना दोन यंत्रांवर बसवलं की पाच मिनिटांत एक वरच्या परिच्छेदात असतो आणि एक खालच्या. वाटणीचा जुना रोग इथे आपोआप परत येतो, कारण यंत्र तशी सोयच करून देतं. सोपा उपाय: दोघांत एक यंत्र, एक कीबोर्ड, आणि तोच पेनाचा नियम. दोघं वेगळ्या ठिकाणी असतील तर सोबत बोलण्याचा आवाज चालू हवा. नुसत्या लेखी टिप्पण्यांवर अडखळी फार कमी होतात.

गुगल डॉक्समध्ये दुरुस्ती थेट न करता ‘सुचवणी’ म्हणून करायला लावा. मग एकाचा बदल दुसऱ्यानं स्वीकारावा किंवा नाकारावा लागतो आणि संमतीचा प्रश्न डोळ्यांसमोर राहतो. वर्तनी आणि व्याकरण तपासणाऱ्या लाल-निळ्या रेघा आधी बंद करा. रेघ दिसली की मुलं तिच्यावर क्लिक करतात आणि ज्या जागी बोलायला हवं होतं तिथे गप्प राहतात. आवृत्तींचा इतिहास जरूर बघा, पण जपून: कुणी किती टाइप केलं हे तो दाखवतो, कुणी विचार केला हे नाही. जो सांगतो तो लिहीत नाही या नियमानं काम झालं असेल तर ज्याच्या नावावर वाक्य दिसतं त्याचं ते नसतंच.

गुण

दोघांना सारखे गुण दिले की मेहनती मूल आणि पालक दोघंही नाराज होतात, आणि ती नाराजी अगदीच खोटी नसते. फ्रेंच अभियंता मॅक्स रिंगेलमान यांनी दोरी ओढण्याच्या प्रयोगांत फार पूर्वी दाखवलं होतं की ओढणारे वाढले की प्रत्येकाचा जोर कमी होतो. तेव्हा प्रत्येकाची ओढ वेगळी दिसेल अशी सोय करा.

२० गुण असतील तर १० एकत्रित मजकुराला, दोघांना सारखेच. कच्च्या मजकुराला गुण नाहीत, नाहीतर मुलं धोका न पत्करता सोपंच लिहितात. ३ गुण कामाच्या रीतीला: पेन बदललं का, प्रश्नचिन्हं खरी आहेत का, खोडलेलं वाचता येतं का. उरलेले ७ एकट्याच्या कामाला. आठवड्यानंतर, न सांगता, १० मिनिटांत तोच मजकूर प्रत्येकानं एकट्यानं, पण बदल करून लिहायचा: ‘मी’च्या जागी ‘ती’, किंवा घडून गेलेलं आता उद्या घडणार आहे असं. मजकूर पाठ करून हे जमत नाही. रूपं समजलेली असतील तरच जमतं.

हे सातचे कागद तपासताना तुमची लहान वही शेजारी उघडी ठेवा. ज्या वाक्यापुढे ‘सुटलं’ लिहिलं होतं ते रूप दोघांच्याही कागदावर बरोबर आलं आहे का, बघा. एकाच्याच आलं असेल, तर त्या दिवशी वाद एकानंच जिंकला होता आणि दुसऱ्यानं नुसता होकार दिला होता. पुढच्या कामात त्या जोडीत पहिलं पेन जिंकणाऱ्याच्या हातात द्या, म्हणजे सुरुवातीची वाक्यं दुसऱ्याला सांगावी लागतील.